वायरलेस ट्रॅकबॉल: माऊसऐवजी घ्यावा का, आणि खर्च किती?

रोज सहा-आठ तास हात माऊसवर ठेवून पोट भरणारी माणसं आज यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत आहेत. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, फ्लेक्स आणि लग्नाचे अल्बम तयार करणारे डिझायनर, जीएसटीची विवरणपत्रं भरणारे, घरून नोकरी करणारे तरुण. जून-जुलैत शाळा-कॉलेजचे प्रवेश, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज असं सगळं एकदमच येतं. त्या दिवसांत मनगट ठणकणं, कोपरापासून खांद्यापर्यंत हात भरून येणं या तक्रारी हमखास ऐकू येतात.

त्यावर कुणीतरी सुचवतं, ‘माऊस सोडा, ट्रॅकबॉल घ्या.’ सल्ला चुकीचा नाही. पण वस्तू साध्या वायरलेस माऊसच्या सहा-सात पट महाग आहे आणि जिल्ह्यातल्या बहुतेक दुकानांत ती पाहायलाही मिळत नाही. इतके पैसे घालण्याआधी ती कुणाच्या कामाची आहे, एकूण खर्च किती येतो आणि घेताना काय तपासायचं, हे नीट समजून घ्यायला हवं.

ही वस्तू चालते कशी?

माऊसमध्ये हात फिरतो. ट्रॅकबॉलमध्ये यंत्र टेबलावर एका जागी स्थिर राहतं आणि त्याच्या खोबणीत बसवलेला गोळा आपण बोटाने फिरवतो. गोळा जिकडे वळेल तिकडे पडद्यावरचा बाण जातो. क्लिकची बटणं आणि स्क्रोलचं चाक माऊससारखंच असतं. मनगट आणि कोपर जागचे हलत नाहीत. काम फक्त बोटं करतात.

ही काही काल-परवाची टूम नाही. ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये अशा गोळ्याची कल्पना मांडली होती. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ मध्ये बनवलेल्या यंत्रात तर बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता. डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस जाहीरपणे दाखवला तो १९६८ मध्ये, म्हणजे ट्रॅकबॉल माऊसपेक्षा जुना आहे. प्रत्यक्ष पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. सोनोग्राफी करताना डॉक्टर एका हाताने यंत्रावरचा जो गोळा फिरवत मोजमाप घेतात, तो ट्रॅकबॉलच.

दुकानात दोन प्रकार मिळतात. पहिल्यात गोळा बाजूला असतो आणि तो अंगठ्याने फिरवायचा. आकार माऊससारखाच असल्याने याची सवय लवकर होते. दुसऱ्यात मोठा गोळा मधोमध असतो आणि तो पहिल्या दोन-तीन बोटांनी फिरवायचा. सवय व्हायला थोडा वेळ लागतो, पण अंगठ्यावर भार येत नाही. खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय या दोन प्रकारांमधला आहे. कंपनी आणि किंमत त्यानंतर.

कुणाला खरंच उपयोग होईल?

पहिला मुद्दा जागेचा. सेवा केंद्राचं टेबल डोळ्यांसमोर आणा. कीबोर्ड, प्रिंटर, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र, वेबकॅम आणि समोर बसलेल्या माणसाची कागदपत्रं. माऊस फिरवायला वीतभर जागा उरते. हात आखडतो, माऊस सारखा उचलून मागे आणावा लागतो. ट्रॅकबॉलला तळहाताएवढी जागा पुरते. माऊसपॅड लागत नाही. काचेच्या टेबलावर किंवा मांडीवरच्या पाटीवरही तो चालतो.

दुसरा मुद्दा दुखण्याचा. माऊस सतत पुढे-मागे नेल्याने खांदा आणि कोपरापुढचा हात दुखत असेल, तर ट्रॅकबॉलने ती हालचालच थांबते आणि बऱ्याच जणांना आराम वाटतो. मात्र आधीपासून अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल अजिबात घेऊ नका. दिवसभर अंगठा फिरवून ते दुखणं वाढेल. अशांनी बोटांनी फिरवायचाच प्रकार पाहावा.

तिसरा मुद्दा कामाच्या स्वरूपाचा. मोठ्या एक्सेल तक्त्यात वर-खाली जाणं, दोन पडद्यांवर काम करणं, नकाशे पाहणं यांत ट्रॅकबॉल चांगला चालतो. फोटोतल्या चेहऱ्याच्या कडा कापणं, कोरल ड्रॉमध्ये बटण दाबून धरून आकार ओढणं यांसारखी कामं सुरुवातीला जड जातात. अल्बम डिझायनरांनी लग्नसराईच्या ऐन धावपळीत बदल करू नये. काम कमी असेल तेव्हा सुरुवात करावी.

आणि रोज तास-दोन तासच संगणकावर बसणाऱ्याने हा खर्च करू नये. त्याला चांगला साधा माऊस पुरतो.

आधी बिनपैशांचे उपाय करून पाहा

ट्रॅकबॉल मागवण्याआधी आठवडाभर एवढं करा. खुर्ची इतकी उंच ठेवा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. खुर्ची वर होत नसेल तर तिच्यावर घट्ट उशी घाला आणि पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा. प्रिंटर पलीकडे सरकवा. विंडोजच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग वाढवा, म्हणजे हात कमी फिरवावा लागेल. कॉपी, पेस्ट, पुढच्या रकान्यात जाणं ही कामं कीबोर्डने करा. अर्ज भरताना टॅबची कळ वापरली, तर शंभर क्लिक सहज वाचतात.

एवढ्याने दुखणं थांबलं तर पैसे वाचले. न थांबलं तर पुढचा विचार करा. मात्र रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, बधिरपणा वाटत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मनगटातली नस दबल्याची ही लक्षणं असू शकतात. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. ट्रॅकबॉल हा त्रास कमी करण्याचं साधन आहे. त्याला उपचार समजू नये.

किंमत किती?

खालचे आकडे अंदाज बांधण्यासाठी आहेत. सवलतीच्या दिवसांत आणि विक्रेत्यागणिक ते खाली-वर होतात.

• साधा वायरचा माऊस: २५० ते ५०० रुपये.
• साधा वायरलेस माऊस: ५०० ते ९०० रुपये.
• उभा माऊस, म्हणजे हस्तांदोलनाच्या स्थितीत धरायचा: ८०० ते १,५०० रुपये. नामांकित परदेशी कंपनीचा याच्या कितीतरी पट.
• अंगठ्याचा वायरलेस ट्रॅकबॉल, मधल्या दर्जाचा: साधारण साडेतीन ते साडेपाच हजार. लॉजिटेकचा एर्गो एम ५७५ या गटातला. भारतात तुलनेने सहज मिळतो.
• अंगठ्याचा वायरलेस ट्रॅकबॉल, वरच्या दर्जाचा: आठ हजारांच्या पुढे. लॉजिटेकचा एमएक्स एर्गो या गटात येतो. तो चार्ज करता येतो आणि २० अंशांत तिरपा ठेवता येतो.
• बोटांचा वायरलेस ट्रॅकबॉल: केन्सिंग्टनचे ऑर्बिट आणि एक्स्पर्ट माऊस, जपानच्या एलेकॉमचा ह्यूज. पाच हजारांच्या पुढेच धरा. आयात केलेला माल असल्याने एकाच मॉडेलच्या किमतीत विक्रेत्यागणिक मोठा फरक दिसतो.

डावखुऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. एम ५७५ आणि एमएक्स एर्गो हे दोन्ही फक्त उजव्या हातासाठी घडवलेले आहेत. केन्सिंग्टनचे ऑर्बिट आणि एक्स्पर्ट माऊस दोन्ही हातांना सारखे चालतात.

या किमतींत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. साडेचार हजारांच्या वस्तूत कराचा भाग सुमारे ६८६ रुपये होतो. तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल, तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या, म्हणजे नियमाप्रमाणे या रकमेचं क्रेडिट मागता येतं.

तीन वर्षांचा हिशेब

नुसती किंमत पाहिली तर ट्रॅकबॉल महाग वाटतो. म्हणून तीन वर्षं, वर्षाला ३०० कामाचे दिवस, असा हिशेब मांडू.

साधा वायरलेस माऊस ७०० रुपयांचा, जास्त वापरामुळे दरवर्षी एक बदलला असं धरलं, तर २,१०० रुपये. वर्षाला ४० रुपयांचा एक सेल, म्हणजे १२० रुपये. एकूण २,२२० रुपये. दिवसाला सुमारे अडीच रुपये.

मधल्या दर्जाचा ट्रॅकबॉल साडेचार हजारांचा. एम ५७५ मध्ये एए मापाचा एकच पेन्सिल सेल लागतो आणि मॉडेलप्रमाणे तो १८ ते २४ महिने चालतो, असं कंपनी सांगते. तीन वर्षांत दोन सेल, ८० रुपये. एकूण ४,५८० रुपये; दिवसाला सुमारे पाच रुपये.

वरच्या दर्जाचा दहा हजारांचा धरला, तर सेलचा खर्च नाही, पण दिवसाला सुमारे अकरा रुपये पडतात.

म्हणजे साधा माऊस आणि मधला ट्रॅकबॉल यांत रोजचा फरक अडीच रुपयांचा आहे. सहा-आठ तास बसणाऱ्याला तो परवडतो. मधल्या आणि वरच्या दर्जातला फरक मात्र रोजचा सहा रुपयांचा आहे. त्यात मिळतं ते तिरपं ठेवण्याची सोय, दोन संगणकांमध्ये बदलण्याचं बटण आणि चार्जिंग. सेवा केंद्राला किंवा एकाच संगणकावर काम करणाऱ्याला यातलं फारसं काही लागत नाही. हा हिशेब ट्रॅकबॉल तीन वर्षं टिकला तरच जुळतो, आणि ते वॉरंटीवर आणि रोजच्या निगेवर अवलंबून आहे.

सेल घेताना दहा-पंधरा रुपयांचा साधा घेऊ नका. तो लवकर संपतो आणि आत गळला तर पत्र्याच्या पट्ट्या गंजतात. अल्कलाइन सेलच घाला आणि एक जादा ठेवा.

कुठून घ्यायचा?

यवतमाळ शहरातल्या संगणकाच्या दुकानांत ट्रॅकबॉल तयार ठेवलेला क्वचितच असतो, कारण गिऱ्हाईक कमी. पण ओळखीच्या दुकानदाराला विचारून पाहा. तो नागपूरच्या वितरकाकडून मागवून देऊ शकतो. शे-दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील, कारण बिघाड झाला की तोच माणूस वॉरंटीसाठी माल पाठवतो. ‘मागवलेला माल आवडला नाही तर परत घ्याल का’, हे आगाऊ रक्कम देण्याआधीच विचारा.

हातात घेऊन पाहायचा असेल तर नागपूरची सीताबर्डी किंवा अमरावती. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पुसद-उमरखेडच्या मंडळींना नांदेड जवळ पडतं, वणी-मारेगावकरांना चंद्रपूर. केवळ या एका वस्तूसाठी जाण्यायेण्यात दिवस घालवणं परवडत नाही. दुसऱ्या कामाला जाल तेव्हा पाहून या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे केंद्र चालवणाऱ्या ताईंचा प्रवासखर्च निम्म्यावर येतो. निघण्याआधी दुकानात फोन करून ते मॉडेल खरंच आहे का, याची खात्री करा.

ऑनलाइन घेतलात तर किंमत बहुधा सर्वांत कमी पडते. मात्र तीन गोष्टी ऑर्डर देण्याआधी वाचा. आपल्या पिनकोडवर माल पोचतो का. मुदतीत परत केल्यास पैसे मिळतात की फक्त बदलून मिळतो. आणि विक्रेता कोण आहे. ट्रॅकबॉल हातात बसतो की नाही हे वापरल्यावरच कळतं. म्हणून पैसे परत मिळण्याची अट असेल तिथूनच घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

पेटी उघडण्याआधी आणि उघडल्यावर

पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा देश, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असलाच पाहिजे. आयातदाराचं नाव नसेल तर तो माल चोरवाटेने आलेला असू शकतो आणि भारतात वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी किती वर्षांची आहे ते पेटीवर वाचा आणि बिलावर मॉडेल व सिरीयल क्रमांक लिहून घ्या. पेटी उघडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढा.

मग हे तपासा. गोळा सगळ्या दिशांना सारखाच फिरतो का. हळू फिरवला तर बाण अडखळतो का. एका क्लिकला दोन क्लिक होतात का. जोराच्या वापरात बटणाचा हा दोष पुढे उद्भवतो आणि तो वॉरंटीत दुरुस्त व्हायला हवा.

जोडणी दोन प्रकारची असते: यूएसबीत लावायचा छोटा डोंगल किंवा ब्लूटूथ. जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसतं, म्हणून डोंगल असलेलंच मॉडेल घ्या. तो संगणकाच्या मागच्या बाजूला, निळ्या यूएसबी जागेत पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कशेजारी लावला, तर सिग्नलमध्ये अडथळा येऊन बाण उड्या मारू शकतो. पुढच्या जागेत लावा, नाहीतर छोटी एक्स्टेन्शन वायर घ्या. ती शंभर-दीडशे रुपयांत मिळते. डोंगल नखाएवढा असतो. हरवला तर त्याच पद्धतीचा नवा शोधावा लागतो, म्हणून एकदा लावला की काढू नका.

पहिले दोन-तीन आठवडे

पहिल्या दिवशी काम मंदावतं. बाण हव्या त्या जागी थांबत नाही, चिडचिड होते. म्हणून जुना माऊस काढून टाकू नका. विंडोजवर माऊस आणि ट्रॅकबॉल दोन्ही एकाच वेळी चालतात. साधी कामं ट्रॅकबॉलवर करा, घाई असेल तेव्हा माऊस उचला. सुरुवातीला बाणाचा वेग कमी ठेवा आणि हात बसला की वाढवत न्या. केंद्रावर दोन जण आळीपाळीने बसत असतील तर दुसऱ्यासाठी माऊस कायमचाच राहू द्या.

ही सवय परत करण्याच्या मुदतीतच सुरू करा. आठवडाभर रोज वापरूनही अंगठा किंवा बोटं दुखत असतील, तर तो प्रकार तुमच्यासाठी नाही. मुदत संपण्याआधी परत करा.

कापसाच्या जिल्ह्यातली निगा

आपल्याकडे या वस्तूला खरा त्रास धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा आहे. वेचणी सुरू झाली की जिनिंगच्या गावांत, वणी, पांढरकवडा, राळेगावकडे, हवेतच रुई असते. गोळा ज्या तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो, त्यांच्याभोवती तंतू आणि हाताचा मळ जमतो. मग गोळा खरखरतो, बाण अडतो, आणि लोक वस्तू बिघडली समजून दुरुस्तीला पाठवतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. एम ५७५ आणि एमएक्स एर्गोच्या खालच्या बाजूला छिद्र असतं. त्यातून पेन्सिलीचं मागचं टोक दाबलं की गोळा वर येतो. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसचा गोळा वरूनच उचलता येतो. इअरबडने तिन्ही मण्यांवरचा मळ काढा, सेन्सरची काच हलक्या हाताने पुसा, गोळा कोरड्या मऊ कापडाने पुसून परत बसवा. पाणी, थिनर किंवा तेल घालू नका. हंगामात आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांनी पुरे. रात्री केंद्र बंद करताना त्यावर कापड टाका.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत तो ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना सेलला आणि आतल्या बॅटरीला सोसत नाही.

फसवणूक झाली तर

माल सदोष निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर आधी त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात ती सोडवायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विक्रेता बंगळुरूचा असो की दिल्लीचा, तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे यवतमाळच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांना ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू या कायद्यात व्यापारी खरेदी ठरत नाही. हे लक्षात ठेवा आणि बिल जपून ठेवा.

तर, घ्यावा का?

रोज सहा तासांहून अधिक काम, टेबलावर जागा कमी किंवा खांदा-कोपराचं दुखणं, आणि खुर्ची-टेबल नीट करूनही फरक नाही, अशी स्थिती असेल तर साडेतीन ते साडेपाच हजारांतला वायरलेस ट्रॅकबॉल जरूर घ्या. अंगठा दुखत असेल तर बोटांचा प्रकार, डावखुरे असाल तर दोन्ही हातांचा. आठ-दहा हजारांचं मॉडेल दोन संगणक वापरणाऱ्यांनीच पाहावं. बाकीच्यांनी हे पैसे चांगल्या खुर्चीवर खर्च करावेत. हाताला त्याचा अधिक उपयोग होईल. आणि काहीही घ्या, पैसे परत मिळण्याची अट वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.